जुने दिसणारे घर, जुने जपणारे घर

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस, संपत आले की आपल्या घरांत दोन कामे सुरू होतात. एक कपड्यांची खरेदी आणि दुसरे घराची आवराआवर. जाळ्या काढणे, भिंतींना हात मारणे, पडदे धुणे, डबे घासणे हे सगळे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरे काम येऊन बसले आहे. घर ‘सजवणे’. सोनेरी अरबी अक्षरांचे फलक, चंद्रकोरीच्या दिव्यांच्या माळा, टेबलावर फानूस, इफ्तारच्या ताटाशेजारी प्लॅस्टिकची खजुराची झाडे. त्याच्या जोडीला जुन्या काळचा थाटही हवा असतो. तांब्याच्या रंगाची सुरई, मुद्दाम खरवडून जुनाट केलेली लाकडी पेटी, पितळी वाटावा असा पत्र्याचा कंदील. आणि शेवटी घरी भाजलेला केक किंवा बिस्किटे, ज्यांचा फोटो खाण्याआधी काढायचा असतो.

मी सजावटीच्या विरोधात नाही. घर छान दिसावे असे वाटण्यात काही गैर नाही आणि सणाला तर ते वाटलेच पाहिजे. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. जुनी दिसणारी वस्तू विकत आणण्यासाठी आपण घरातली खरोखर जुनी वस्तू मोडीत काढतो. त्या वस्तूबरोबर ती दुरुस्त करणारा माणूस, ती वापरण्याची पद्धत आणि तिच्याबद्दलचा शब्दही घराबाहेर जातो. मग तीच वस्तू दिव्याचा स्टँड किंवा रोपाची कुंडी होऊन चढ्या भावाने आपल्याकडे परत येते. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्यांना हा प्रवास सांगायला नको. एका घराने किलोच्या भावाने दिलेली देगची दुसऱ्या घरात ‘अँटीक’ म्हणून जाते. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात तर नव्या लाकडाला जुने दाखवण्याचे कसबच तयार झाले आहे.

यावर हसणे सोपे आहे, पण लोक असे का करतात हे आधी समजून घेतले पाहिजे. ज्यांचे बालपण एका खोलीत गेले, ज्यांच्या घरी पाहुणा आला की मुलांना बाहेर जावे लागायचे, त्यांना स्वतःचे दोन खोल्यांचे घर मिळाल्यावर ते नटवावेसे वाटणारच. शिवाय आपल्यापैकी अनेकांना शहरात नाव सांगताच घर नाकारले गेल्याचा अनुभव आहे. इतक्या खटपटीने मिळालेल्या घराचा माणसाला अभिमान वाटतो. जुनी कळकट भांडी, ठिगळांची गोधडी, पत्र्याची ट्रंक या वस्तू त्याला गरिबीची आठवण देतात आणि त्या नजरेआड कराव्याशा वाटतात. हा दिखाऊपणा आहे असे मी म्हणणार नाही. पण वस्तू गरिबीची खूण आहे असे समजून आपण ती टाकली आणि श्रीमंतांनी ती आवड म्हणून उचलली, तर नुकसान कोणाचे झाले याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

दीनचा आधार घेऊन काही जण सजावट म्हणजेच उधळपट्टी असे सांगतात. तेही मला पटत नाही. सूरह आराफच्या ३१व्या आणि ३२व्या आयतींत दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. एकीकडे ज़ीनत, म्हणजे शोभा, धारण करायला सांगितले आहे आणि अल्लाहने दिलेली ज़ीनत हराम कोणी ठरवली असा सवालही केला आहे. दुसरीकडे खाण्यापिण्यात इसराफ, म्हणजे मर्यादा ओलांडून उधळणे, नको असे बजावले आहे. शोभेला मुभा आणि उधळपट्टीला मनाई. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची हे प्रत्येक घराने ठरवायचे आहे. माझ्यापुरती मी ती अशी ओढतो: वस्तू वापरात असेल, दुरुस्त होत असेल, चारचौघांच्या उपयोगाला येत असेल तर ती कितीही सुंदर असो, ती ज़ीनत. केवळ फोटोपुरती, हप्त्यावर घेतलेली आणि ईद सरताच खोक्यात जाणारी असेल तर तो इसराफ, मग तिच्यावर कितीही पवित्र अक्षरे कोरलेली असोत.

आता ऋतूंकडे येऊ. ऋतूप्रमाणे घर सजवण्याची कल्पना आपल्याकडे बाहेरून आली असे अनेकांना वाटते, कारण मोबाईलवर दिसणारी घरे युरोप-अमेरिकेच्या ऋतूंची असतात. तिथे शरदात भोपळे आणि वाळकी पाने, हिवाळ्यात लोकरीची शाल. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी उकाडा असतो आणि पानगळ फाल्गुनात होते. ते चित्र इथे लागू पडत नाही. पण ऋतूचे भान आपल्या सणात जितके आहे तितके क्वचितच दुसरीकडे असेल.

हिजरी वर्ष चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे ईद दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. भारतात २०१६ मध्ये ईद ७ जुलैला, भर पावसात झाली. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला आली, २०२५ मध्ये ३१ मार्चला. २००० या एकाच वर्षात ईद-उल-फित्र दोनदा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे माझ्या वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ईद थंडीत, उन्हात आणि पावसात, तिन्ही वेळा पाहिलेली असते. एकच सजावट दर वर्षी काढून लावायची सोय या कॅलेंडरने ठेवलेलीच नाही. घराला दर खेपेस बाहेरच्या हवेकडे बघावे लागते.

आपल्या आधीच्या बायका-पुरुषांना हे नीट माहीत होते. उन्हाळ्यातल्या ईदेला गालिचा गुंडाळून ठेवायचा, फरशी पाण्याने पुसून उघडी ठेवायची, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडायचे. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुना मारायचा, म्हणजे ऊन परतून जाते आणि खोली थोडी थंड राहते. कोपऱ्यात माठ, त्याच्या तोंडावर ओले फडके, परातीत पाणी घालून मोगऱ्याची फुले. त्या दिवसांत शेवयाही घरीच व्हायच्या आणि खाटेवर पांढऱ्या कापडावर वाळायच्या. पावसाळ्यातल्या ईदेला सगळे उलटे. गाद्या आधीच उन्हात तापवून घ्यायच्या, ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये कडुलिंबाची वाळलेली पाने घालायची, ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढायचे. दारात पाय पुसायला जाड गोणपाट, कारण येणारा प्रत्येक पाहुणा चिखल घेऊन येणार. थंडीत गोधडी बाहेर यायची, सतरंजीवर दुसरी सतरंजी पडायची आणि शीरखुर्मा वाफाळता द्यायचा. या सगळ्यात विकत आणायच्या वस्तू जेमतेम दोन-तीन होत्या. बाकी सारे हलवाहलवीचे काम होते. साध्या घरगुती शैलीचा यापेक्षा चांगला धडा मला कुठल्याही व्हिडिओत दिसलेला नाही.

मध्येच फानूसविषयी एक गोष्ट सांगतो. रमजानचा फानूस हा मुळात इजिप्तचा, कैरोच्या कारागिरांचा. त्याची परंपरा फातिमी काळापर्यंत मागे नेली जाते. आज जगभर विकले जाणारे बहुतेक स्वस्त फानूस चीनच्या कारखान्यांतले. खुद्द इजिप्तच्या सरकारला २०१५ मध्ये लोककलेच्या नमुन्यांवर बेतलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घालावी लागली, कारण त्यांच्याच कंदील करणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. कैरोच्या माणसाला आपल्या कारागिराची चिंता वाटते. मग आपल्या मोहल्ल्यातला कारागीर कोण, हा प्रश्न आपल्याला पडायला नको का?

तो कारागीर कोण ते मी सांगतो. पहिला कलईवाला. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. तांब्याचे क्षार अन्नात उतरतात आणि पोटाला अपाय होतो. म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. भांडे आधी साफ करायचे, भट्टीवर तापवायचे, त्यात नवसागर टाकायचा म्हणजे पांढरा धूर निघतो आणि धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथील लावायचे. ते २३२ अंश सेल्सियसला वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ते भरभर आतून फिरवले की भांडे चांदीसारखे उजळते. हे काम डोळ्यांदेखत होते. लहान मुलांना यापेक्षा मोठा विज्ञानाचा प्रयोग दाखवता येणार नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर कलईवाल्याची हाक गल्लीतून गेली. अनेक शहरांत ही कामे करणारी मुस्लिम कुटुंबे होती. आज त्यांची मुले दुसऱ्या कुठल्या तरी मजुरीवर आहेत.

दुसरा पिंजारी. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखला जाणारा हा समाज कापूस पिंजून गाद्या-उशा भरत आला आहे. दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तो एकसुरी आवाज माझ्या वयाच्या लोकांना अजून आठवत असेल. कापसाच्या गादीची गंमत अशी की ती जुनी होत नाही, फक्त दबते. काही वर्षांनी तोच कापूस काढून पिंजला, नवा अभ्रा शिवला की गादी पुन्हा फुगते. फोमची गादी एकदा बसली की तिला कचऱ्याखेरीज जागा नाही. तरी आपण पहिली देऊन दुसरी हप्त्यावर घेतली आणि तिच्यावर जुन्या नक्षीची चादर अंथरून ‘विंटेज’ खोली केली.

तिसरा कारागीर आपल्या सगळ्यांच्या घरात होता, पण त्याला कोणी कारागीर म्हटले नाही. गोधडी शिवणारी बाई. जुनी लुगडी, ओढण्या, लुंग्या एकावर एक अंथरून साध्या धावदोऱ्याने शिवलेली वाकळ. तिच्यात आजीचे लुगडे, आईची ओढणी आणि मुलाचा फाटका सदरा एकत्र असतो. शहरातल्या दुकानांत अशाच गोधड्या आज हातकाम म्हणून मोठ्या किमतीला मिळतात. आपल्या वस्तीतल्या बाईला तेच काम करून दिवसाला किती सुटतात, हे तिलाच विचारून पाहावे. आणि हो, सोफ्यावरचे कापड घ्यायचेच असेल तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग आपल्याच राज्यात आहेत. सोलापुरी चादर आहे. त्यातल्या अनेक मागांवर आपलीच मोमीन भावंडे उभी आहेत. कोणते कापड कुठून आले हे दुकानात विचारायला पैसे पडत नाहीत.

आता भाजण्याकडे. केक आणि बिस्किटे म्हणजे परदेशी चाल, असा एक समज आहे. पण नानकटाईतला ‘नान’ फारसी आहे, त्याचा अर्थ रोटी. सुरतेत डच लोकांच्या बेकरीतून ही बिस्किटे पुढे आली अशी कथा सांगतात. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा आणि तो आपण इतका पचवला की आता तो मराठी नाही असे कोणी म्हणणार नाही. औरंगाबादचा नानखलिया तंदुरातल्या नानेशिवाय होत नाही. मोहरमच्या दिवसांत अनेक घरांत गोड रोट होतात, चोंगे होतात. ओव्हन नावाची वस्तू घरात नसतानाही आपण भाजत होतो. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा मीठ तापवायचे, आत कडे ठेवून त्यावर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालूनवरून सारखी आच मिळते. आजही गॅसवर हे जमते, फक्त वरचे निखारे नसल्याने वरचा रंग जरा फिका येतो, इतकेच.

मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती ज़ेवर’ या पुस्तकातील स्त्रियांविषयीची अनेक मते मला मान्य नाहीत. पण त्याच्या शेवटच्या भागांत घरच्या घरी साबण, शाई करण्याच्या, भांड्यांना कलई करण्याच्या आणि नानपाव, नानखताई, बिस्किटे भाजण्याच्या कृती दिल्या आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक पारंपरिक आलिम मुलींच्या हाती बिस्किटाची कृती देत होता. तेव्हा घरी भाजणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

नानकटाईचे माझ्या घरचे प्रमाण साधे आहे. दोन वाट्या मैदा, पाऊण ते एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, दोन चमचे बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलची आणि कणभर मीठ. तूप वितळलेले नको. परातीत तळहाताने ते फेटत राहायचे, पांढुरके आणि हलके होईपर्यंत. त्यात साखर, मग पीठ. इथेही ऋतू आडवा येतोच. उन्हाळ्यात तूप पातळ असते, म्हणून मळलेला गोळा अर्धा तास थंड जागी ठेवावा, नाहीतर नानकटाई ताटलीत पसरते. थंडीत तूप रवाळ होते आणि फेटायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात भाजलेली नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये आणि डबा उघडा ठेवू नये, संध्याकाळपर्यंत ती मऊ पडते. ओव्हन असेल तर १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे, पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. कडा किंचित तांबूस झाल्या की काढावी. गरम असताना ती मऊच लागते, त्यामुळे घाबरून जास्त भाजू नये.

पण या सगळ्यापेक्षा मला मोहल्ल्यातल्या बेकरीची पद्धत अधिक आवडते. महाराष्ट्राच्या अनेक गावांत ईद आणि दिवाळीच्या आधी लोक आपले तूप, मैदा, साखर घेऊन बेकरीत जातात. बेकरीवाला मळून, पत्र्यांवर लावून, भट्टीत भाजून देतो आणि मजुरी घेतो. एकाच भट्टीत एका पत्र्यावर शेखांची आणि शेजारच्या पत्र्यावर पाटलांची नानकटाई असते. रांगेत उभे राहून दोन तास गप्पा होतात. घरोघरी वेगळा ओव्हन घेण्यापेक्षा हे कमी खर्चाचे तर आहेच, आणि एका धंद्याला जगवणारेही आहे.

ही भट्टी आता अडचणीत आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. धूर कमी झालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. वस्तीतली मुले तोच धूर छातीत घेतात. पण लहान बेकरीवाल्याला भट्टी बदलण्याचा खर्च झेपेल का, त्याला कर्ज आणि तांत्रिक मदत कोण देणार, हे विचारण्याचा हक्क त्याच्या गिऱ्हाइकांना आहे. त्या बेकरीचा जुना फोटो भिंतीवर लावून ‘जुनी मुंबई’ म्हणणे सोपे. बेकरी चालू राहावी म्हणून तिथून पाव घेणे हे जास्त उपयोगाचे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. उर्दूत एक शब्द आहे, सलीका. टापटीप, नीटनेटकेपणा, कामाची रीत हे सगळे त्यात येते. नज़ीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही कादंबरी १८६९ साली आली. उर्दूची पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. तिच्यातल्या दोन बहिणींपैकी असगरी सलीक्याची आणि अकबरी बेशिस्त. दीडशे वर्षे आपल्या मुलींना असगरी हो, असे सांगितले गेले. मुलांना कोणी काही सांगितले नाही. आज मोबाईलवरची सजवलेली घरे आणि घरी भाजलेले केक हीच अपेक्षा नव्या रूपात मांडतात. रोजा धरून दिवसभर काम करायचे, इफ्तार मांडायचे, आणि त्यावर घर चित्रासारखे दिसले पाहिजे. हे ओझे घरातल्या एकाच माणसावर असेल तर त्या घराला मी साधे म्हणणार नाही, मग ते कितीही शांत रंगांत रंगवलेले असो.

उत्तर आपल्या परंपरेतच आहे. पैगंबर साहेब घरात स्वतःचे कपडे सांधत, चपला दुरुस्त करत, असे हजरत आयेशांच्या कथनातून आपल्याला माहीत आहे. बेकरीत पीठ मळणारे, भट्टीपुढे उभे राहणारे हात आपल्याकडे पुरुषांचेच आहेत. जो पुरुष बेकरीत मळतो त्याची मर्दानगी कमी होत नाही, मग घरी परात पुढे ओढली तर कशी होईल? मुलग्यांनी नानकटाई करावी, गोधडीला टाके घालावेत, कलईला नेण्याची भांडी स्वतः उचलावीत. आणि ज्या बहिणी घरी भाजून विकतात त्यांना ‘वेळ घालवायला करते’ असे म्हणू नये. तो धंदा आहे. छोट्या घरगुती व्यवसायाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी करता येते, ती करून घ्यावी. नातेवाइकांनी फुकट केक मागणे बंद करावे आणि पूर्ण किंमत द्यावी. घरगुती बेकिंगला याहून मोठी दाद नाही.

शिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. घरातल्या वस्तूंची मराठी नावे पाहा. पडदा, चादर, गालिचा, तक्क्या, खुर्ची, फरशी, दिवाणखाना, तबक, सुरई, रकाबी, कलई. ही सगळी फारसी-अरबीतून आलेली आहेत आणि सगळी अस्सल मराठी आहेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात, मग ते कोणत्याही धर्माचे असो, दिवसातून दहा वेळा ती तोंडी येतात. आपली घरे एकमेकांच्या इतकी जवळ होती की वस्तूंची नावेही एक झाली. वर्गात मुलांना रकाबी म्हणजे काय विचारले तर आता बरेच जण गप्प राहतात. वस्तू वापरातून गेली की शब्दही जातो. अरबी अक्षरांचा सोनेरी फलक भिंतीवर लावून आपली ओळख टिकेल असे ज्यांना वाटते, त्यांनी ही नावे एकदा मोजून पाहावीत. आपली ओळख या घराच्या ताटलीवाटीत आधीपासूनच आहे.

म्हणून येत्या ईदेसाठी माझी सूचना अगदी छोटी आहे. काही विकत घेण्याआधी माळा उतरवा. एक तांब्याचे किंवा पितळेचे भांडे खाली काढा आणि कलईवाला शोधा. सापडला नाही तर शेजारच्या गावात विचारा. कलई न केलेल्या भांड्यात आंबट किंवा दुधाचे काही करू नका, पण म्हणून ते मोडीतही देऊ नका. एक गादी पिंजून घ्या. बाहेरची हवा पाहून खोली लावा. जून असेल तर गालिचा गुंडाळा, जानेवारी असेल तर अंथरा. नानकटाई घरी करा किंवा बेकरीत भाजून आणा, पण दोन पत्रे जास्तीचे घ्या. त्यातला एक कामावर येणाऱ्या मावशींच्या घरी आणि एक दिवाळीला ज्यांच्याकडून फराळ येतो त्यांच्या घरी द्या. फराळ येणे थांबले असेल तर मुद्दाम त्याच घरी द्या, आणि शक्य असेल तर नुसते ताट पाठवू नका, स्वतः जा. ताट झाकायला जुना, धुतलेला रुमाल चालेल.